सरलाताईंचा उलटा हात

सरलाताई विजेला भ्यायच्या. आता विजेला आपण सगळेच थोडेफार भितो, पण तेवढ्यापुरतं. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरचं बटण दाबताना आपला हात जरा अडखळतो, मग आपण विसरून जातो. सरलाताई विसरायच्या नाहीत. सकाळी दुकानाचं शटर उघडण्यापासून रात्री ते ओढेपर्यंत त्या भीत असायच्या. आणि धंदा काय निवडला होता, तर कॉम्प्युटर जोडून विकायचा.

कुठल्याही धातूच्या वस्तूला त्या आधी उलटा हात लावायच्या. बोटांची मागची बाजू, तीही क्षणभरच. शटर, फ्रिज, कॅबिनेट, एवढंच काय, चहाच्या गाडीचा पत्रासुद्धा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई सोवळ्यातली दिसते. नंतर त्यांनीच सांगितलं, "सरळ हातानं धरलं अन् आत करंट असला, तर मूठ आवळती. मंग सुटत नाय. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपसूक माघारी येतो." लासूर स्टेशनचं माहेर त्यांच्या बोलण्यातून कधी गेलं नाही. पायात बारा महिने रबरी चप्पल, हातात काचेच्याच बांगड्या, आणि कामाला बसल्या की मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. पन्नाशीच्या आसपासची, काटकुळी बाई. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला.

त्यांच्याकडे मी गेलो तो स्वतःच्या तोंडामुळे. आमची सानिका दहावीला होती तेव्हा मी बोलून बसलो होतो, नव्वदच्या वर गेलीस तर मागशील ते देईन. मला वाटलं होतं, पोरगी स्कूटी मागेल आणि अजून वय नाही म्हणून आपण सुटू. तिनं मागितला गेमिंग कॉम्प्युटर. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीतला कारकून. पाणी नसलेल्या कालव्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणं हे माझं काम. ग्राफिक्स कार्ड खातात की डोक्याला लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. कचेरीतल्या एकानं सांगितलं, "बजेट कमी असेल तर अर्थिंगताईकडे जा. फसवणार नाही, पण डोकं खाईल." शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं आणि कॉलेजातल्या पोरांनी सरलाताईंचं मात्र केव्हाच बदलून टाकलं होतं.

सानिकानं वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, त्याखाली प्रोसेसर, मग रॅम, मग काचेचं, आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट. तळाशी, बजेटमध्ये उरेल त्यात, 'एसएमपीएस – कुठलाही.' भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या पार्टांना वाटून देणारा डबा म्हणजे एसएमपीएस, हे मला तिथंच कळलं.

सरलाताईंनी चष्मा लावून यादी वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुठलाही?"

"म्हणजे... साधा चालेल," सानिका म्हणाली.

सरलाताई उठल्या. त्यांच्या टेबलावर भाजीवाल्याकडे असतो तसा एक तराजू होता. त्यांनी फळीवरून दोन एसएमपीएस काढले, दिसायला अगदी जुळे, आणि एकेका पारड्यात ठेवले. एक पारडं धाडकन खाली गेलं.

"हा हलका का माहितीये? आतमधी काहीच नाय. नुसता पंखा अन् छापील कागद. हा जळाला तर एकटा नाय जळत, तुझं ते कार्ड, प्रोसेसर, सगळं घेऊन जातो. हा जिन्नस वजनावर घ्यायचा, कांद्यासारखा." मग त्यांनी पेन घेतलं, तळाची ओळ खोडून यादीच्या डोक्यावर लिहिली आणि काचेच्या कॅबिनेटवर काट मारली. "दिवे कशाला पाह्यजेत? खेळायचंय का लग्न लावायचंय?"

सानिकाचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र बाई आवडली, कारण खर्च कमी होत होता. पण लगेच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "साहेब, राहता कुठं?"

"गारखेड्याला."

"घर जुनं का नवीन? कितवा मजला? अर्थिंगचा खड्डा कुठशीक आहे? शेवटचं पाणी कधी घातलं त्याला?"

माझ्या सात पिढ्यांत कोणी खड्ड्याला पाणी घातलं नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं, आणि हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. भिंतीतल्या प्लगला तीन भोकं असतात. दोन विजेच्या येण्याजाण्याची. तिसरं, वरचं मोठं, ते चुकलेल्या विजेला वाट द्यायचं. यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरली तर ती त्या भोकातल्या तारेनं खाली जमिनीत जाते, आपल्या अंगातून जात नाही. ती तार एका खड्ड्यात पुरलेली असते, आणि त्या खड्ड्यात ओल पाहिजे. "कोरडी माती वीज घेत नाय, साहेब. वल्ली पाह्यजे. अन् यंदा वल कुठंय?"

ओल कुठंच नव्हती. लागोपाठचं दुसरं दुष्काळी वर्ष होतं ते. जायकवाडी तळाला गेलं होतं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही तासभर. शहर मात्र वाढतच चाललं होतं. बायपासच्या पलीकडे काल ज्वारीचं रान होतं तिथं आज चार मजले उभे, आणि त्या चार मजल्यांना पाणी टँकरचं. एवढ्या नव्या इमारती, पण सरलाताई त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, "तिसऱ्या भोकात तार घातली असंल का रे देवा!" बिल्डर भोक ठेवतो, तार ठेवतोच असं नाही, हा त्यांचा अनुभव. उन्हाळाभर त्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायच्या. सिल्लोडचा एक पोरगा कॉम्प्युटर घेऊन गेला होता, त्याला दर रविवारी फोन: "पाणी घातलं का खड्ड्याला? भांडी विसळल्यालं घाल, चालतं." तो बिचारा एकदा त्यांच्या धाकानं भावाच्या लग्नाच्या मांडवातून उठून पाणी घालून आला होता. हे तोच हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

तर आमचा प्लग बघितल्याशिवाय त्या माल द्यायला तयार होईनात. एका रविवारी त्या स्वतः आमच्याकडे आल्या. पिशवीत एक साधा बल्ब, होल्डरला दोन तारा जोडलेल्या. एक तार विजेच्या भोकात, दुसरी तिसऱ्या भोकात. खड्डा शाबूत असेल तर बल्ब लागतो. आमचा लागला नाही. नुसता लालसरही झाला नाही. सरलाताईंनी बल्ब काढला आणि पदरानं कपाळ पुसलं. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन त्यांनी खड्डा शोधून काढला. त्यावर कोणीतरी तुळशीची रिकामी कुंडी ठेवली होती. तुळस केव्हाच वाळून गेली होती.

त्याच दिवशी सोसायटीची टँकरवरून बैठक होती. सरलाताई आगंतुकासारख्या तिथं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आठवड्याला दोन बादल्या या खड्ड्यात ओता.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, इथं माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही खड्ड्याला पाजा म्हणता?"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

"हसा," त्या म्हणाल्या. "पण खड्डा तान्हेला राह्यला तर तो माणूस मागतो." आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात त्या कॉम्प्युटरचंच सुतक. सानिका बोलेना, जेवेना. 'बाबांनी शब्द दिला आणि फिरवला' असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. बायको म्हणाली, "दुसऱ्या दुकानातून आणा की!" पण दुसरीकडे तेवढ्या पैशात तेवढा माल मिळत नव्हता, हेही मी हिंडून बघितलं होतं. मग मी माझ्या अकलेनं मार्ग काढला. गजू नावाचा एक वायरमन आमच्या गल्लीत फिरायचा. त्याला बोलावून सांगितलं, "हे बघ, ती बाई बल्ब घेऊन येईल. तिचा बल्ब लागला पाहिजे, बस्स."

गजू हसला. "लागतो की, साहेब." दहा मिनिटांत त्यानं प्लग उघडला, आत वीतभर तारेचा तुकडा टाकला, प्लग बंद केला. काय केलंस, हे मी विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही. कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस मी. शिक्का बसला की फाईल पुढं जाते, एवढं मला पक्कं माहीत.

प्लग परत बघा असा मी निरोप दिला, तशा शनिवारी सरलाताई माल घेऊनच आल्या. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून त्यांनी सगळं जोडलं. बोटं इतकी हलकी चालायची की बघत बसावं. सानिकाला शेजारी बसवून प्रत्येक पार्ट तिच्या हातात देत होत्या, "आधी उलटा हात. हां. आता धर." ग्राफिक्स कार्ड एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, वापरलेलं पण चांगलं. त्याचा त्यांनी आधी वास घेतला. जळकट नाही म्हणाल्या, मगच बसवलं. शेवटी बल्ब काढला. तारा भोकांत घातल्या.

बल्ब लख्ख लागला. आम्ही बापलेकींनी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. सरलाताई त्या बल्बाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी घातलं वाटतं."

"हो," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे. हे एवढं एकच अजून विसरलेलो नाही.

सोमवारी दुपारी कचेरीत होतो. नळाचा दिवस होता. बायको बाहेर गेली होती, सानिका एकटीच घरी पाणी भरत होती. तिचा फोन आला. "बाबा, पाणी झालं भरून. आता लाइट गेलीय. आणि सकाळपासून स्क्रीन सारखी काळी होतेय, मागची वायर ढिली आहे वाटतं."

मी जपून सांगितलं. मुलीच्या काळजीनं सांगितलं. "लाइट गेलीच आहे ना, मग आत्ताच घट्ट करून घे. लाइट असताना हात लावू नकोस."

"हो, करते."

तेवढ्यात घंटी न वाजता दारावर धपाधपा थापा पडल्या. त्या मला फोनवर ऐकू आल्या. "थांबा हं बाबा, कोणीतरी आलंय," सानिका म्हणाली. कडी काढता काढता ती म्हणाली, "लाइट गेलीय ना, घंटी वाजत नाही." मग सरलाताईंचा आवाज, इतका चिरका की मी फोन कानापासून दूर धरला.

"लाइट गेली म्हणून कोण म्हणतंय? खाली टीव्ही चालू आहे! हात लावला का? दाखव तुझे हात. दोन्ही दाखव!"

"नाही लावला. लावणारच होते."

"पाय वले आहेत तुझे! हितं ये. माझ्याजवळ ये. हालू नको."

नंतर कसलाच आवाज नाही. मी "सानिका, सानिका" ओरडतोय आणि पलीकडून कोणी बोलत नाही. फोन तिनं तसाच कुठंतरी ठेवला होता, हे मला मागून कळलं. तेव्हा कळण्याची सोय नव्हती. साहेबांना न विचारता मी उठलो. कचेरीपासून घरापर्यंतचा जालना रोड मी कसा पार केला, सिग्नल पाळले की तोडले, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की सबंध रस्ताभर मी माझंच वाक्य म्हणत होतो. लाइट गेलीच आहे ना, आत्ताच घट्ट करून घे.

घरात पोचलो तर पंखे बंद, आणि दोघी दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या. सरलाताईंनी सानिकाची दोन्ही मनगटं धरून ठेवली होती. मला बघून त्यांनी मनगटं सोडली, पिशवीतून टेस्टर काढला, हॉल ओलांडला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टरचं टोक लावलं.

लाल ठिणगीसारखा दिवा पेटला. घरात कुठं वीज नाही, आणि माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरच्या पत्र्यावर सगळ्या घराची वीज येऊन बसलेली.

झालं होतं ते असं. गजूनं तिसऱ्या भोकाची गाठ जमिनीऐवजी विजेच्या परतीच्या तारेशी मारून ठेवली होती. त्या गाठीनं बल्ब लागतो, खड्डा कोरडा असला तरी लागतो. त्या सोमवारी खाली मीटरजवळ आमची परतीची तार सैल होऊन निसटली. पंखा चालू होता. त्यातून आलेल्या विजेला माघारी जायला वाट राहिली नाही, ती त्या गाठीतून थेट पत्र्यावर आली. पंखे थांबले म्हणून आम्हाला वाटलं लाइट गेली. प्लगचं बटण बंद असतं तरी उपयोग नव्हता, कारण तिसरं भोक कुठल्याच बटणानं बंद होत नाही.

खाली जाऊन सरलाताईंनी मीटरजवळचा खटका पाडला आणि वर येऊन जिन्यातच बसल्या. सानिकानं पाणी दिलं. भांडं स्टीलचं होतं. त्यांचा हात त्यालाही आधी उलटाच लागला.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"बल्ब लईच लख्ख होता," त्या म्हणाल्या. "दोन रात्री तोच डोळ्यापुढं. माझ्या दुकानाच्या खड्ड्यात मी रोज एक हंडा घालते, तरी माझा बल्ब पिवळा लागतो. तुमचा पांढराफेक. मला आधी वाटलं, या लोकांनी लईच पाणी घातलं. आज म्हटलं जाऊन बघावं. खाली आले तर कुंडी जागच्या जागी, अन् कुंडीखालची धूळसुद्धा हाललेली नाय." मग म्हणाल्या, "कोणी केलं हे?"

"गजू वायरमननं," मी म्हणालो. सानिका माझ्याकडे बघत होती. "मीच सांगितलं होतं."

मला वाटलं आता ही बाई मला जोड्यानं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माझा भाऊ कूलरमधी पाणी घालायला गेला," त्या म्हणाल्या. "लासूरला. एकवीस वर्षांचा. त्यानं मला विचारलं, आक्का, बटण बंद आहे का? मी सैपाकघरातून सांगितलं, बंद आहे, घाल पाणी. बटण बंदच होतं, साहेब. मी खोटं नाय बोलले." भांडं खाली ठेवून त्या उठल्या. "तुमची राह्यली. आता रोज भ्या."

एवढंच. त्यांच्या तोंडून भावाचं नाव मी कधी ऐकलं नाही. पुढं माझ्या ध्यानात आलं की त्या गिऱ्हाइकांना दादा म्हणायच्या, मामा म्हणायच्या, साहेब म्हणायच्या, पण कोणाला भाऊ म्हणायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सानिका आपण होऊन ग्राफिक्स कार्ड काढून त्यांच्या दुकानात घेऊन गेली. म्हणाली, हे परत घ्या, याच्यापेक्षा हलकं द्या, आणि उरलेल्या पैशात वीज गळाली की आपोआप पडून लाइन बंद करणारं बटण बसवून द्या. सरलाताईंनी ते स्वतः बसवलं. गजूची गाठ काढली. खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला. सोसायटीनं पाणी दिलं नाही ते नाहीच. आम्ही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून दर नळाच्या दिवशी खाली नेऊन ओतायचो. शेजारी हसायचे. सानिकाचे खेळ जरा अडखळत चालायचे, पण तिनं कधी कुरकुर केली नाही.

सानिका आता पुण्याला नोकरीला आहे. तिचा कॉम्प्युटर अडगळीत पडला होता. गेल्या उन्हाळ्यात म्हटलं, सरलाताईंना देऊन टाकावा, एखाद्या गरजू पोराला उपयोगी पडेल. दुकानाकडे गेलो तर पाटीच नाही. सगळं कॉम्प्लेक्स काचांचं झालेलं. त्यांच्या गाळ्यात मोबाइलचं चकचकीत दुकान, स्टीलचा लांबलचक काउंटर, त्याला टेकून उभ्या असलेल्या तीन-चार पोरी. एकीला विचारलं तर म्हणाली, "जुन्या मालकीणबाईंनी दुकान विकून दोन वर्षं झाली की!"

गाडी मागच्या बाजूला लावली होती म्हणून मी तिकडून निघालो. तर तिथं भिंतीजवळ सरलाताई. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली, पायात तीच रबरी चप्पल. शेजारी पाण्याचा कॅन. यंदाही टँकर चालू होते. तेवढा कॅन घरच्या पाण्याच्या हिश्शातूनच आणलेला असणार. त्यांनी फरशीचं झाकण बाजूला केलं आणि हंडाभर पाणी सावकाश, थेंब वाया न घालवता खड्ड्यात ओतलं. माती पाणी पिते तो आवाज संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

मी हाक मारणार होतो. पण त्या वळल्या आणि मागच्या दारातून आतल्या पोरींकडे बघत राहिल्या. त्या पोरी काउंटरवर कोपर टेकून हसत होत्या. सरलाताईंनी हात लांब करून दुकानाच्या पत्र्याच्या दाराला क्षणभर बोटांची मागची बाजू लावली. हात माघारी आला नाही. मग त्यांनी रिकामा कॅन उचलला आणि भिंतीच्या कडेकडेनं चालू लागल्या.